एसएसओ (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) लावताय? मग निदान या चुका टाळा

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "तात्पुरतं सिग्नेचर चेकिंग बंद केलंय" या वाक्याने. एका प्रोजेक्टवर आयडेंटिटी प्रोव्हायडरने (युजर कोण हे सही करून आमच्या सिस्टमला कळवणारी सेवा) सही तपासायचं सर्टिफिकेट बदललं, सकाळी कुणालाच लॉगिन होईना, फोनवर फोन, मग एकाने व्हॅलिडेशनचा फ्लॅग फॉल्स केला, सगळे आत गेले आणि विषय तिथेच संपला. चार महिन्यांनी मी भलताच बग शोधत होते तेव्हा दिसलं की आमच्या कॉन्फिगमध्ये अजून जुनंच सर्टिफिकेट आहे, तरी लॉगिन होतंय! म्हणजे इतके दिवस कुणीही हाताने एक्सएमएल लिहून अ‍ॅडमिन म्हणून आत शिरू शकलं असतं. त्यानंतर लॉग चाळत काढलेल्या रात्री मी विसरणार नाही. तेव्हापासून प्रत्येक डिप्लॉयनंतर मी असर्शनमधलं (प्रोव्हायडरने सही करून पाठवलेला, युजरची ओळख सांगणारा एक्सएमएल संदेश) एक अक्षर बदलून पाठवते, लॉगिन झालं की डिप्लॉय मागे घ्यायचा, चर्चा नाही. आणि सर्टिफिकेट बदलायच्या काळात जुनं-नवं दोन्ही ठेवा, घाई कशाला?

दुसरी चूक म्हणजे "सिग्नेचर व्हॅलिड आलं ना, झालं मग". अरे पण सही नक्की कशावर आहे? २०२४ मध्ये रूबी-सॅमल या लायब्ररीत (सॅमल म्हणजे एक्सएमएलवर चालणारी एसएसओची पद्धत) हाच घोळ निघाला (त्रुटीचा नंबर सीव्हीई-२०२४-४५४०९), लायब्ररी डायजेस्ट (सही ज्यावर टिकते तो मजकुराचा ठसा) चुकीच्या जागेवरून उचलत होती, त्यामुळे प्रोव्हायडरने सही केलेलं एखादं डॉक्युमेंट हाती लागलं की कुणाच्याही नावाने असर्शन बनवता यायचं. ही लायब्ररी वापरणाऱ्या गिटलॅबलाही पॅच काढावा लागला. १.१७.० मध्ये ते बुजवलं, तर मार्च २०२५ मध्ये पुन्हा तेच दुखणं, कारण आत एक्सएमएल वाचणारे दोन पार्सर, रेक्सएमएल आणि नोकोगिरी, आणि दोघं एकच एक्सएमएल वेगवेगळं वाचतात, सही एक तपासतो आणि माहिती दुसरीकडून येते. तो फिक्स १.१८.० मध्ये आला. स्वतःचा कोड असेल तर ज्या भागाची सही तपासली तोच भाग वाचा, पूर्ण डॉक्युमेंटमध्ये परत शोधायला जाऊ नका.

ईमेलला युजरची ओळख मानू नका, तो बदलता येतो, ओपनआयडी कनेक्टमध्ये (एसएसओची दुसरी पद्धत) इश्युअर (ओळख देणारा प्रोव्हायडर) आणि सब (त्याने युजरला दिलेला आयडी) ही जोडी वापरा.

ऑडियन्स (असर्शन कुणासाठी काढलंय ते) तपासा, नाहीतर दुसऱ्या अ‍ॅपसाठीचं असर्शन तुमच्याकडे चालेल.

असर्शनची मुदत तपासताना घड्याळातल्या फरकाला एक तासाची सूट देणारे पण बघितलेत मी, दोन-तीन मिनिटं पुरतात, सर्व्हरचं घड्याळ नीट करा आधी.