गान माय दा झाओ थांग : व्याकुळ मनासाठी चिनी काढा

या काढ्याच्या नावातच त्याचे तिन्ही घटक आले आहेत: ज्येष्ठमध, गहू आणि चिनी लाल बोरे. इसवी सन 220 मध्ये संपलेल्या पूर्व हान राजवटीच्या अखेरच्या काळात होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ‘जिन ग्वेई याओ ल्युए’ या ग्रंथात तो स्त्रियांच्या एका अवस्थेसाठी सांगितला आहे. त्या अवस्थेत मन दुःखाने भरून येते, रडू आवरत नाही आणि वारंवार जांभया येतात. चिनी वैद्यक मनाचे स्थान हृदयात मानते आणि गहू हृदयाचे पोषण करतो असे समजते, म्हणून या साध्या धान्याला येथे औषधाचा मान मिळाला आहे.

एका दिवसासाठी 9 ग्रॅम ज्येष्ठमधाचे काप, 30 ग्रॅम अख्खे गहू आणि 10 सुकी लाल बोरे घ्यावीत. पीठ किंवा रवा चालणार नाही, आणि बोरांऐवजी खजूर वापरणेही योग्य नाही, कारण ते निराळ्याच झाडाचे फळ आहे. बोरे धुऊन चिरावीत, बिया काढाव्यात आणि सर्व घटक सुमारे एक लिटर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावेत. त्यानंतर मातीच्या, काचेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात उकळी आणून, आच मंद करून पाणी निम्मे होईपर्यंत आटवावे. मूळ कृतीतही सहा मापे पाण्याची तीन मापे करण्यास सांगितले आहे. गाळलेल्या काढ्याचे तीन भाग करून ते दिवसभरात कोमट असताना प्यावेत. चव गोड असते, त्यामुळे साखर घालण्याची गरज नसते.

ही गोडी फसवी आहे, हे मात्र मला आवर्जून सांगावेसे वाटते. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन या गोड घटकामुळे रक्तदाब वाढू शकतो, अंगावर सूज येऊ शकते आणि रक्तातील पोटॅशियम घटू शकते. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लघवी वाढवणारी औषधे, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनी हा काढा स्वतःच्या मनाने घेऊ नये. गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्यांनी तो टाळावा, तर मधुमेह असणाऱ्यांनी बोरांतील साखर लक्षात घ्यावी. इतरांनीही तो आठवडेच्या आठवडे चालू ठेवण्यापूर्वी जाणकार वैद्याला विचारावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी जावे, आणि मानसिक आजारावरची चालू औषधे या काढ्यासाठी कधीही थांबवू नयेत.