ऊन-पावसाचा टेबल रनर घरच्या घरी कसा छापायचा

पानाफुलांचे प्रिंट असलेले टेबल रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध अंथरायच्या लांब पट्ट्या, नि मॅट्स दुकानात ढिगाने मिळतात, पण त्यातलं बरंचसं पान कॉम्प्युटरवर काढलेलं असतं, आणि खरं पान, खरं ऊन वापरून कापडावर छापता येत असेल तर ते का घ्यायचं असं मला वाटतं. याला सायनोटाइप म्हणतात: कापडाला उन्हाने निळं होणारं केमिकल लावायचं, वर पान ठेवायचं, उघडा भाग निळा होतो आणि पानाखालचा पांढरा राहतो. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळांचे ठसे यानेच काढायला सुरुवात केली. कॅमेरा लागत नाही, ऊन पुरतं.

आधी कापड. शंभर टक्के कॉटन घ्या, पॉलिस्टर मिक्स असेल तर रंग धरत नाही. नवीन कापडाला खळ असते, ती गरम पाण्यात धुऊन काढायची, आणि धुण्याचा सोडा वापरलात तर मग साध्या पाण्यातून चार वेळा तरी पिळून घ्या, कारण सोड्याचा अंश राहिला की नंतर निळा रंग उडतो. वाळवून इस्त्री करा.

आता केमिकल. एका बाटलीत 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं येतं ते, आणि दुसऱ्या बाटलीत 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दुसऱ्याच्या नावात सायनाइड आहे म्हणून लोक घाबरतात, साध्या वापरात तसा धोका नसतो, पण ॲसिडजवळ किंवा गॅसवर न्यायचं नाही हे मात्र कडक पाळा. ग्लव्हज घाला, आणि भांडी, चमचे, ब्रश या कामाचे वेगळेच ठेवा, ते परत स्वयंपाकघरात नकोत.

दोन्ही द्रावणं सम प्रमाणात मिसळायची ती कापडाला लावायच्या वेळीच, मिसळलेलं फार टिकत नाही. खोलीत पडदे ओढून, मंद पिवळ्या दिव्यात, फोमच्या ब्रशने कापडावर पातळ आणि एकसारखं लावा, ओथंबायला नको. मग अंधारातच वाळवा. पूर्ण वाळलं की पिवळसर-हिरवं दिसतं. पहिल्यांदा एका छोट्या तुकड्यावर करून बघा, थेट मोठा रनर नको.

आता खरी मजा. कापड कडक पुठ्ठ्यावर पसरा, वर पानं मांडा, काच ठेवून चिमट्यांनी दाबा. जाड पान ठेवलं तर नुसता पांढरा आकार येतो, पातळ पाकळी किंवा नेचा (फर्न) ठेवलात तर उजेड थोडा आरपार जातो आणि आत शिरा दिसतात, म्हणून मी पातळच निवडते. पानं आदल्या दिवशी पुस्तकात दाबून ठेवली तर कडा एकदम स्वच्छ येतात, ताजी ठेवली तर कडा धूसर, तेही छान दिसतं. मग उन्हात. भर दुपारच्या उन्हात साधारण 10 ते 20 मिनिटं, ढगाळ असेल तर अर्धा तास किंवा त्याहून जास्त. घड्याळापेक्षा रंगावर विश्वास ठेवा, उघडा भाग हिरव्याचा निळा आणि मग करड्यासारखा मळकट झाला की उचला, घाई केली तर धुताना सगळं फिकट होतं.

ढग किंवा पाऊस असेल तर काम बंद करायचं काही कारण नाही, उलट मला तोच प्रिंट जास्त आवडतो. काच काढून टाका, पानं पिनांनी टोचा, आणि उजेड मिळत असतानाच कापडावर थोडे पावसाचे थेंब पडू द्या किंवा स्प्रेने उडवा. थेंब पडला तिथलं केमिकल पसरतं, धुऊन जातं, आणि गोल फिके डाग, कडांना वलयं अशी नक्षी येते, जी ठरवून येत नाही. मात्र मोठ्या सरीत ठेवू नका, सगळंच वाहून जाईल.

नंतर थंड पाण्यात पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवायचं, 5-10 मिनिटं तरी. लगेच गडद निळा हवा असेल तर शेवटच्या पाण्यात 3 टक्क्यांचं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, नाहीतर हवेत आपोआप एक-दोन दिवसांत गडद होतो. सावलीत वाळवा.

जेवण थेट यावर ठेवायचं नाही, त्यामुळे तोंड पुसायच्या रुमालाच्या भानगडीत पडू नका, रनर आणि ताटाखालचे मॅट एवढंच करा, आणि त्यावर साधी पांढरी ताटं-वाट्या ठेवा, नक्षीची भांडी त्या निळ्याशी भांडतात. धुताना ब्लीच नाही, सोड्याची पावडर नाही, सौम्य लिक्विड सोप घ्या. खिडकीतल्या उन्हाने रंग थोडा उतरला तर कापड काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, बराचसा परत येतो. सोड्याने गेलेला मात्र असा येत नाही.