विकासकाची मलवाहिनी आपल्या जमिनीतून जाणार असेल, तर मोबदला कसा ठरवावा

मुंबईच्या उपनगरांत मागच्या भूखंडावर नवी इमारत उभी राहते आणि तिचे सांडपाणी उताराने महापालिकेच्या मलवाहिनीपर्यंत नेण्याचा सोयीचा मार्ग अनेकदा पुढच्या सोसायटीच्या आवारातून जातो. विकासकाचे तसे पत्र आले, तर आकडा सांगण्याची घाई करू नये, आणि बोलणी चालू असताना ‘तूर्त खोदू द्या’ ही विनंती तर मुळीच मान्य करू नये. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 60 नुसार, आपल्या परवानगीच्या आधारे समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले, तर ती परवानगी सहसा मागे घेता येत नाही.

सर्वप्रथम मिळकत पत्रिका (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड) काढून जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणे, झाले नसेल, तर जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असते आणि त्याला वगळून केलेला करार टिकत नाही. सोसायटीच्या बाबतीत सर्वसाधारण सभेचा ठरावही हवा.

त्यानंतर विकासकाकडून वाहिनीचा मार्ग, व्यास, खोली, चेंबरच्या जागा आणि जोडल्या जाणाऱ्या सदनिकांची संख्या दाखवणारा नकाशा मागावा व तो स्वतःच्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा. आपली जमीन टाळायची झाल्यास विकासकाला लांबच्या रस्त्याने वाहिनी न्यावी लागेल की सांडपाणी पंपाने चढवावे लागेल, हेही त्याच अभियंत्याला विचारावे, कारण मोबदल्याचे खरे गणित तिथेच आहे.

आता दोन आकडे काढावेत. वाहिनी आणि तिच्या दुरुस्तीसाठी मोकळी ठेवावी लागणारी पट्टी यांच्या क्षेत्रफळाला रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर लावून, त्या पट्टीचा वापर जितका कमी होतो तितका हिस्सा धरावा आणि फरसबंदी, झाडे व पार्किंगच्या गैरसोयीची भरपाई त्यात मिळवावी. हा किमान आकडा. पर्यायी मार्गाचा वाढीव खर्च आणि त्यामुळे होणारा विलंब मिळून जी रक्कम होते, ती कमाल. सांडपाण्याच्या जोडणीचे काम पूर्ण झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची महापालिकेची परवानगी) मिळत नसल्याने विलंबाची किंमत विकासकाला चांगली ठाऊक असते. मात्र अडवणूकही करू नये, कारण मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 नुसार काही अटींवर दुसऱ्याच्या जमिनीतून वाहिनी नेऊ देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना आहे.

रकमेपेक्षाही मी एका अटीला अधिक महत्त्व देईन. आपल्या इमारतीचा पुनर्विकास आज ना उद्या होणारच, आणि तेव्हा तळघराच्या किंवा पायाच्या आड येणारी ही वाहिनी विकासकाने अथवा त्याच्यानंतर नव्या सोसायटीने स्वखर्चाने हलवावी, असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. विकासक सदनिका विकून निघून जातो, म्हणून देखभाल, गळती आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्या उत्तराधिकाऱ्यांवरही बंधनकारक असावी, आणि कामाच्या काळासाठी बँक हमी घ्यावी. पुढे आणखी इमारती जोडायच्या असतील, तर त्यासाठी वेगळी परवानगी व वेगळा मोबदला ठरवावा.

वाहिनी नेण्याचा हा हक्क देणारा दस्त नोंदणीकृतच करावा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील व अभियंता यांचा खर्च विकासकाने द्यावा. पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच खोदकामाला लेखी संमती द्यावी, आणि चर बुजवण्यापूर्वी आपल्या अभियंत्याकडून वाहिनीची खोली व उतार मोजून, छायाचित्रांसह त्याची नोंद दस्तासोबत ठेवावी.