पॅराटेक्स्टचा पडदा आपल्या कामाला बसवताना

पॅराटेक्स्ट ९ हे बायबल भाषांतराचं सॉफ्टवेअर संगणकावर आहे, प्रोजेक्टमध्ये तुमचं नाव नोंदलेलं आहे आणि देवनागरी टायपिंग येतं, एवढं धरून चालते.

मेनूची भाषा मुख्य मेनूतून बदलते. ती कुठलीही ठेवा, शास्त्राच्या मजकुराला धक्का लागत नाही.

व्ह्यू, म्हणजे खिडकीत मजकूर दाखवायची पद्धत: रोजच्या कामाला स्टँडर्ड, वाचून बघायला प्रिव्ह्यू. अनफॉरमॅटेडमध्ये अध्याय, वचन, परिच्छेद दाखवणाऱ्या सगळ्या खुणा उघड्या असतात आणि एक बोट चुकलं की वचनाचा क्रमांकच उडतो. नवख्या माणसाने तिथे टाइप करू नये.

खिडकी टॅबला धरून ओढा आणि हवी तिथे सोडा. प्रत्येक खिडकीवर ए, बी, सी असं गटाचं अक्षर दिसतं. एकाच अक्षराच्या खिडक्या एकत्र सरकतात. मत्तय १:२३ वर काम करताना यशया ७:१४ शेजारी उघडं हवं असेल, तर यशयाची खिडकी बी गटात टाका. नाहीतर तुम्ही मत्तयाच्या पुढच्या वचनावर गेलात की तीही यशया सोडून तिथेच येते.

आता फॉन्ट. इथे मी स्वतः बराच काळ अडले होते, आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. “अक्षर बारीक दिसतंय? लँग्वेज सेटिंग्जमध्ये जाऊन आकार वाढवा.” कृपा करून असं करू नका. तो फॉन्ट आणि तो आकार अख्ख्या प्रोजेक्टचा असतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने तिथे बदल केला की पुढच्या सेंड/रिसीव्हनंतर, म्हणजे कामाची देवाणघेवाण झाली की, प्रोजेक्टवरच्या सगळ्यांच्या पडद्यावर तो उमटतो. तुमचा चष्मा तुमच्यापुरता, त्यासाठी झूम आहे. आपल्या खिडकीच्या मेनूतून झूम वाढवा. दुसऱ्या कुणाला काही कळणारही नाही.

प्रोजेक्टचा फॉन्ट मात्र एकदाच, सगळ्यांनी बसून ठरवा. यादीत पहिला दिसला तो घेतला, असं चालत नाही. मी अन्नपूर्णा एसआयएल सुचवते. तो मोफत आहे आणि देवनागरी जोडाक्षरांसाठीच घडवलेला आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मत्तय ३:१० उघडा. तिथे कुऱ्हाड आहे. ‘ऱ्ह’चा र नीट वळतोय, की हलन्त सुटा लोंबतोय? मग ‘दुसऱ्या’ बघा, ‘ळ’ बघा, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर तेही बघा. फॉन्ट प्रत्येक संगणकावर बसवलेला असायला हवा, नाहीतर एकाला नीट दिसतं आणि दुसऱ्याला चौकोन.

दिसायला नीट आहे म्हणजे आत नीट आहे, असंही नाही. हा ‘ऱ्ह’ दोन रीतींनी टाइप होतो: ऱ, हलन्त, ह, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोध घेताना एका रीतीचा शब्द दुसऱ्या रीतीने सापडेलच याचा भरवसा नाही. पहिलीच रीत धरा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग यू. तुमच्यापैकी कुणी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करायचा) कीबोर्ड वापरत असेल तर त्याची ‘कुऱ्हाड’ अक्षरांच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे प्रोजेक्टमध्ये वापरलेल्या अक्षरांच्या यादीत, तपासा. आत नेमकं काय गेलंय ते तिथे युनिकोड क्रमांकांसकट दिसतं. हे पहिल्या अध्यायाच्या आधी करा. चार शुभवर्तमानं टाइप झाल्यावर दुरुस्त करायला बसणं फार जिवावर येतं.

मनासारखी मांडणी जमली की मुख्य मेनूत लेआउटखाली ‘सेव्ह करंट लेआउट’. नाव कामावरून द्या: ‘मसुदा’, ‘तपासणी’. नंतर खिडक्या हलवल्या आणि तीच मांडणी कायम हवी असली, तर त्याच नावाने पुन्हा जतन करा.