कडाक्याच्या थंडीत चेनसॉने सरपण कसं तोडावं

निफाडकडे पारा ५ अंशांखाली गेला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या कराव्या लागतात, नाहीतर पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या, मण्यांना तडे जातात. गारठा सलग टिकला की साठवलेलं सरपण संपतं आणि नेमकं पहाटेच मशीन काढावं लागतं.

गॉगल, बूट, हातमोजे घाला. मफलर आणि उपरणं मात्र काढूनच ठेवा. लोंबणारं टोक चेनमध्ये गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही. पेट्रोल ताजं हवं, बहुतेक मशीनना त्यात लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) मिसळा. पावसाळ्यापासून टाकीत राहिलेलं पेट्रोल वापरू नका, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. चेन ऑइल थंडीत घट्ट होतं, डबा रात्री घरात ठेवा.

खरं अडतं ते मशीन सुरू करताना. मलाही सुरुवातीला इथेच घाम फुटायचा. "शेकोटीजवळ ठेवा, गरम होऊ द्या" असं सांगणारे गावोगाव भेटतात. कृपा करून ऐकू नका. टाकीत पेट्रोल आहे! पेट्रोलही आगीपासून लांब भरा, आणि भरल्या जागेपासून किमान तीन मीटर दूर जाऊन मगच दोरी ओढा.

मशीन सपाट जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक (चेन फिरू न देणारा दांडा) लावा, मागच्या मुठीत उजवा पाय घाला, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरा. हातात लोंबकळत धरून दोरी ओढणं साफ चूक. चोक (थंड इंजिनाची हवा अडवणारा खटका) पूर्ण लावा आणि ओढत राहा. काही ओढींत एकदा 'फट्' असा आवाज येतो आणि इंजिन लगेच गप्प होतं. हीच खूण. त्याच क्षणी चोक अर्ध्यावर आणा आणि पुन्हा ओढा, मशीन धरेल. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण कानटोपी आणि इअरमफमधून तो आवाज ऐकूच येत नाही. पूर्ण चोकवर ओढत राहतात, प्लग ओला होतो, मग मशीनलाच नावं ठेवतात. सुरू होईपर्यंत कान मोकळे ठेवा.

प्लग ओला झालाच तर स्विच बंद करा, चोक काढा, प्लग काढून कोरडा पुसा. दोरी काही वेळा ओढून आतलं पेट्रोल बाहेर टाका, प्लग बसवा आणि चोकशिवाय सुरू करा.

सुरू झाल्यावर लगेच रेस करून लाकडाला लावू नका. मिनिटभर तापू द्या. थंड इंजिन रेस घेताना बंद पडतंच. त्यासाठी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवणाऱ्यांना मशीनजवळ येऊ देऊ नका. मग चेन ब्रेक सोडा आणि बारचं (चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं) टोक कोरड्या ओंडक्यावर, न टेकवता, धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली तर चेनला तेल मिळतंय.

तोडणं त्यामानाने सोपं. जुन्या बागेची खोडं असतील तर आधी मंडपाची तार काढा. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका, मशीन तोंडाकडे उसळतं.

तापल्यावर चेन सैल पडते, तेव्हा ताणून घ्या. पण काम संपलं की ती आठवणीने सैल करा, कारण ताणलेली चेन गार झाल्यावर आखडून बारला आवळते.