मॉडेल मालगाडीचे डबे घसरतात? आधी चाकं बदला

एचओ (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या) मॉडेल मालगाडीचे हलके डबे वळणावर घसरत असतील, तर प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवा. नागपूरच्या उन्हाळ्यातली धूळ प्लास्टिकवर काळा थर धरते, धातूवर तो बराच कमी साचतो.

१. बोगीची, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीची, बाजू हलकेच फाकवून जुना आस (दोन चाकं जोडणारा दांडा) चाकांसकट काढा. नव्याची लांबी त्याच्याशी ताडून पाहा. चाकाचा व्यासही बघा: खऱ्या डब्याचं चाक ३३ इंची असेल तर मॉडेलचं ९.६ मिमी, ३६ इंची असेल तर १०.५ मिमी.

२. बसवून बोटाने फिरवा. अडखळलं तर आस लांब पडतोय, डुगडुगलं तर आखूड.

३. एका बोगीचा स्क्रू इतकाच कसा की ती फक्त डावी-उजवीकडे वळेल. दुसरीचा जरा जास्त सैल, म्हणजे ती बाजूलाही डुलेल. माझ्या मते खरी गंमत याच स्क्रूत आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

४. तेल घालू नका, धूळ चिकटते. लागलीच तर चिमूटभर ग्रॅफाइट पूड.

जपायचं एवढंच: प्रत्येक आसाचं एक चाक इन्सुलेटेड, म्हणजे आसाकडे वीज जाऊ न देणारं हवं, नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होईल. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) साधा मल्टीमीटर मिळतो, बसवण्याआधी त्यावर तपासा.