घोड्याचं जीन आणि पॅन्टचं जीन: अर्थ लावताना या चुका टाळा

परवा आमच्या साताऱ्यातल्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला की जीन्स हे नाव आपल्या घोड्याच्या जीनवरनं पडलंय, मावळे म्हणे जाड कापड घालून स्वारी करायचे, आणि दहा मिनिटात सगळ्यांनी अभिमानानं पुढं पाठवला पण. वाचायला भारी वाटतं, पण ते खरं नाही.

पहिली चूक हीच. घोड्यावर कसतात ते जीन फारसीतनं आलं, ते बनवणारा तो जिनगर, हे आडनाव आपल्याकडं आजही आहे. कापडाचं जीन मात्र इटलीतल्या जिनोआ शहरावरनं, तिकडच्या जाड सुती कापडाला इंग्लंडात १६व्या शतकातच ते नाव चिकटलं. मग दोन्ही सारखे का ऐकू येतात? फारसीत तो ज जमीन-जहाजातल्यासारखा होता, पण मराठीत ज ला ई लागली की जीभ आपोआप जीव, जीभ असा ज काढते, त्यामुळं फरकच पुसला गेला.

कापसाच्या जीनचा तर दोन्हीशी संबंध नाही, तिथं जिन म्हणजे इंजिनचं तोडकं रूप, सरकी काढायचं मशीन. त्यामुळं जुन्या कागदात शब्द दिसला की आजूबाजूला बघा. तंग (घोड्याच्या पोटाखालनं आवळायचा पट्टा), रिकीब (स्वाराचा पाय ठेवायची कडी) असेल तर घोड्याचं जीन, वार आणि शिवणं असेल तर कापड, गाठी आणि सरकी असेल तर कारखाना.

डेनिमला जीन म्हणणं ही पण चूकच, दुकानात चालतं ते सोडा. विट्याला मावशीकडं यंत्रमाग होते, तिनं एकदा माझ्या पॅन्टची मोहरी उलटी करून दाखवली, बाहेरनं निळी, आतनं पांढरट, कारण डेनिममध्ये ताणा म्हणजे उभा धागा निळा आणि बाणा म्हणजे आडवा धागा पांढरा. जुन्या जीन कापडात दोन्ही धागे एकाच रंगाचे.

आणि खोगीरभरती म्हणजे घोडदळातली भरती नव्हे हो! फारसीत खोय म्हणजे घाम, गीर म्हणजे धरणारा, घोड्याचा घाम टिपणारी गादी ती, तिच्यात चिंध्या-बिंध्या काहीही कोंबायचे, ती भरती.

आपलं म्हणून सांगायचंच असेल तर डंगरी सांगा की, इंग्रजीतलं ते कापडाचं नाव मुंबईच्या डोंगरीतनं गेलंय, तिथं विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरनं.